एमएस्सीचं कॉम्प्टन स्कॅटरिंग प्रॅक्टिकल: माझा अनुभव

न्यूक्लिअर स्पेशलायझेशन घेतलं की हे प्रॅक्टिकल बहुतेक ठिकाणी चुकत नाही. सीनियर्स सांगायचे, सगळ्यात बोअर आहे, नुसतं बसून राहायचं. बसून राहावं लागतं हे खरं, पण बोअर अजिबात नाही. कुणाची आता टर्न येणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

थिअरी सगळ्यांना पाठ असते. १९२३ साली आर्थर कॉम्प्टनने ग्राफाइटवर मॉलिब्डेनमचे एक्स-रे सोडून विखुरलेल्या किरणांची वेव्हलेंथ वाढलेली दाखवली, फोटॉन (किरणाचा एकेक कण) इलेक्ट्रॉनला धडकून थोडी एनर्जी देऊन टाकतो असं मानलं की हिशोब चोख जुळतो, १९२७ ला नोबेल, विषय संपला. लॅबमध्ये एक्स-रेच्या जागी सीझियम-१३७ चा सोर्स असतो, ६६२ केईव्हीचा (केईव्ही हे एनर्जीचं एकक) गॅमा किरण देणारा. समोर अ‍ॅल्युमिनियमचा रॉड, आणि त्याच्याभोवती गोल फिरवता येणाऱ्या आर्मवर सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर. अ‍ॅल्युमिनियमच का, हे पहिल्याच दिवशी विचारतात. शिसं ठेवलं तर बरेचसे गॅमा फोटोइलेक्ट्रिकनेच (फोटॉन अणूत अख्खा शोषला जातो ती प्रक्रिया) गिळले जातात, आणि जे विखुरतात तेही बाहेर पडेपर्यंत संपतात.

सोर्स शिशाच्या भांड्यात, तो काढायचा-ठेवायचा मान फक्त लॅबमधल्या काकांचा, आम्ही आपले टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते नोंदणारे) लावून लांब उभे. मग हाय व्होल्टेज हळूहळू चढवायचं आणि अर्धा-एक तास काहीही न करता थांबायचं, कारण फोटोमल्टिप्लायर (डिटेक्टरमधल्या उजेडाचा विजेचा सिग्नल करणारी नळी) स्थिर व्हायला वेळ घेतो. इथे घाई करू नका. कॅलिब्रेशनला, म्हणजे स्क्रीनवरचा कुठला चॅनेल (कप्पा) किती एनर्जीचा ते ठरवायला, सीझियमचा ६६२, कोबाल्ट-६० चे ११७३ आणि १३३२, सोडियम-२२ चा ५११, हे पीक कुठल्या चॅनेलला येतात ते बघून सरळ रेषा काढायची. आमच्याकडे मधेच लाईट गेली, आली तेव्हा ६६२ चा पीक सरकून बसलेला, मग परत पहिल्यापासून. तेव्हापासून आम्ही प्रत्येक अँगलच्या आधी आणि नंतर सीझियम एकदा दाखवून घ्यायचो. वेळ जातो पण डोक्याला ताप राहत नाही.

खरी गंमत पुढे आहे. डिटेक्टर ९० अंशावर नेला, काउंटिंग सुरू केलं आणि स्क्रीनवर जे आलं त्यात पीक वगैरे काही नाही, डावीकडे चढलेला एक ओबडधोबड डोंगर. पार्टनर म्हणाली, कनेक्शन गेलंय बहुतेक. कनेक्शन ठीक होतं. रॉडमधून त्या दिशेला येणारे फोटॉन मुळात कमी, क्लाइन-निशिना फॉर्म्युल्याने (कुठल्या दिशेला किती फोटॉन विखुरतील ते सांगणारा) काढलं तर या एनर्जीला ९० अंशाला समोरच्या दिशेच्या साधारण सहावा भागच मिळतो, आणि बाकी सगळा कचरा: शिशाच्या विटांमधून झिरपलेले गॅमा, भिंतीवरून परतलेले, शिवाय ७५ केईव्हीच्या आसपास एक टोकदार पीक, तो तर शिशाचाच स्वतःचा एक्स-रे. म्हणजे ज्या विटा संरक्षणाला लावल्या त्याच गोंगाट करत होत्या!

उपाय सरळ आहे. जेवढा वेळ रॉड ठेवून काउंट घेतले तेवढाच वेळ रॉड काढून घ्यायचे आणि चॅनेलमागून चॅनेल वजाबाकी करायची. ती वजाबाकी केली आणि त्या डोंगरातून २८८ च्या जवळ एक छोटासा, नीट गोलाई असलेला पीक वर आला. कॉम्प्टनचा फॉर्म्युला ९० अंशाला २८८ केईव्हीच देतो. पुस्तकात हे शंभर वेळा वाचलं होतं, पण रॉड होता आणि रॉड नव्हता एवढ्याच फरकातून तो आकडा निघताना बघणं वेगळंच.

मग ६० अंशाला ४०२ केईव्ही, ४५ ला ४८०, १२० ला २२५, सगळे थोडे इकडेतिकडे पण जाग्यावर. लहान अँगलच्या नादी मात्र लागू नका. २० अंशाला विखुरलेला फोटॉन ६१४ चा, थेट घुसणारा ६६२ चा, फरक ४८ चा, आणि आपल्या डिटेक्टरच्या पीकची रुंदीच ५० च्या घरात. दोन्ही एकमेकांत मिसळतात, वेगळे काढता येत नाहीत.

जर्नलमध्ये आमच्याकडे थिअरी व्हॅल्यू, प्रॅक्टिकल व्हॅल्यू, टक्के एरर असा तक्ता मागतात. माझ्या मते यात प्रॅक्टिकलचा जीवच जातो. त्यापेक्षा एक भागिले विखुरलेली एनर्जी हे वाय अक्षावर आणि १ वजा कॉस थीटा (थीटा म्हणजे विखुरण्याचा अँगल) एक्स अक्षावर घेऊन ग्राफ काढा. सरळ रेषा येते, तिचा स्लोप म्हणजे एक भागिले इलेक्ट्रॉनची रेस्ट एनर्जी (त्याच्या वस्तुमानाइतकी एनर्जी), आणि ती असते ५११ केईव्ही. आमचं ५२० च्या वर आलं. पण विचार करा, शिशाच्या विटा आणि एका रॉडवर इलेक्ट्रॉनचं वस्तुमान मिळालं, आणि आपण त्याला 'टक्के एरर' म्हणून गुंडाळून टाकतो.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, आधी नेहमीचंच विचारलं. इलेक्ट्रॉन मोकळा का मानला? अ‍ॅल्युमिनियमच्या सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनचीही बाइंडिंग एनर्जी (अणूत बांधून ठेवणारी) दीड केईव्हीच्या आसपास, ६६२ पुढे ती कुठे. साध्या उजेडात हा परिणाम का दिसत नाही? वेव्हलेंथ जास्तीत जास्त ०.०५ अँगस्ट्रॉमने बदलणार आणि उजेडाची पाच हजारांच्या घरात, कळणार कसं. मग त्यांनी कॅलिब्रेशनचा साधा सीझियमचा स्पेक्ट्रम पुढे ओढला, ४७७ च्या कडेवर आणि १८४ च्या उंचवट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, या दोघांची बेरीज करा. ६६१. मी म्हटलं सर, कडा म्हणजे डिटेक्टरच्या आतच फोटॉन उलटा फिरून पळाला आणि इलेक्ट्रॉनची एनर्जी मागे राहिली, आणि उंचवटा म्हणजे बाहेर कुठेतरी आपटून परत आलेले फोटॉन, एकाच धडकेचे दोन वाटे. त्यांनी मान हलवली आणि पार्टनरकडे वळले: मग तुमच्या या ग्राफवर १८० अंशाचा बिंदू कुठे येईल, दाखवा. तिने पेन्सिलने रेषा पुढे वाढवली आणि टिंब दिलं, तेही बरोबर जागी.