मेंढ्यांच्या उंचीवरचं मेण

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क या शिल्पउद्यानात ब्राँझच्या शिल्पांना पाण्यापासून जपणारं मेण लावताना शिडीवरचं काम सोपं असतं. डोकेदुखी गुडघ्यापासून कमरेपर्यंत, कारण मेंढ्या. वेकफील्डजवळ ब्रेटन हॉलच्या अठराव्या शतकातल्या जहागिरीत, सुमारे ५०० एकरांवर, १९७७ साली हे उद्यान सुरू झालं. कुरणात शिल्पं आणि मेंढ्या एकत्रच असतात. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरला ते पसंतच होतं: शेजारी गाय-घोडा आला की शिल्प लहान वाटतं, मेंढीने भव्य दिसतं.

त्या दिवशी पाळी मूरच्या ‘लार्ज टू फॉर्म्स’ची होती. दोन भागांचं, मोठाल्या भोकांचं, माणसाच्या दुपटीएवढं ब्राँझ. सुट्या जाळ्या उभ्या करून मेंढ्या बाहेर काढल्या आणि मग थांबलो. खाली तळी आहेत. सकाळी ब्राँझ हवेपेक्षा गार असतं आणि दिसायला कोरडं असलं तरी हाताला ओल लागते. धातूचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन साचते त्याच्या) किमान ३ अंश वर जाईपर्यंत मेणाचा डबा उघडायचा नाही. ओल मेणाखाली अडकली की पांढुरके डाग उठतात.

धुण्यासाठी १० लिटर पाण्यात चमचाभर सौम्य, नॉन-आयोनिक (विद्युतभार नसलेलं) डिटर्जंट आणि मऊ ब्रश. साबण खालून वर लावायचा, म्हणजे ओघळांचे पट्टे उमटत नाहीत. खळबळून काढायचं वरून खाली. प्रेशर वॉशर नाही, तो सांध्यांत पाणी घुसवतो.

मेणाची परीक्षा पाण्यानेच होते. मेण शाबूत असेल तर थेंब गोल राहतात, गेलं असेल तर पाणी पसरतं. वरच्या भागात पाणी पसरत होतं. मेंढ्या अंग घासतात त्या पट्ट्यात मात्र थेंब मोत्यासारखे उभे! म्हणजे सर्वात जास्त झिजणारी जागाच सुरक्षित? व्हाइट स्पिरिटचा (मेण-चरबी विरघळवणाऱ्या द्रवाचा) बोळा फिरवला तर तो पिवळट, करडा निघाला आणि लोकरीचा वास आला. मेण कधीच गेलं होतं. थेंब धरून ठेवत होती लोकरीतली चरबी, लॅनोलिन.

चरबीने धातूचं नुकसान होत नाही, उलट पाणी दूरच राहतं. त्रास दोन: लोकरीतली रेती पॅटिना (ब्राँझवरचा रंगीत थर) घासून ब्राँझ उघडं पाडते, आणि चरबीवर नवं मेण धरत नाही. म्हणून बोळे स्वच्छ निघेपर्यंत तो पट्टा पुसला. बुंध्यापाशी लेंड्या-मूत साचतं, त्यातला अमोनिया तांब्याला खातो. तिथे धुणं दुप्पट.

मग गॅसची टॉर्च. ज्योत सतत हलती ठेवायची. आधी धातूवर धुरकट कडा पुढे सरकते, ती ओल असते; ती गेली की मायक्रोक्रिस्टलाइन (बारीक स्फटिकांचं, पेट्रोलियमपासूनचं) मेण ब्रशने पातळ चढवायचं. टेकवताच वितळलं पाहिजे, धूर मात्र नको. धूर म्हणजे पॅटिना काळवंडणार. मेण पांढरं गोठलं तर धातू अजून गार आहे. गार झाल्यावर दुसरा हात थंड मेणाचा, खालच्या पट्ट्याला तिसरा, आणि सुती कापडाने चकाकी.

शेवटी तळाची पाणी-भोकं तारेने मोकळी केली. पानांनी ती बुजली तर आत साठलेलं पाणी हिवाळ्यात गोठून सांधे उकलतं. जाळ्या रात्रभर तशाच ठेवल्या. टॉर्चने कोमट झालेलं ब्राँझ मेंढ्यांना फार आवडतं.