तीन कंपन्या, एक सर्व्हर : फॉरवर्ड केलेले मेल परत का येत होते

तिन्ही कंपन्यांची डोमेनं आता एकाच पोस्टफिक्सवर (मेल घेणारं-पाठवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) आहेत. चौकशी, हिशोब, खरेदी असे पत्ते प्रत्येक डोमेनवर आहेत आणि ते सगळे मालकांच्या बाहेरच्या मेलबॉक्सवर फॉरवर्ड होतात. तक्रार अशी होती की काही मेल पोचतात, काही पाठवणाऱ्याकडे परत जातात. वर त्या बाउन्समध्ये, म्हणजे ‘मेल पोचला नाही’ या सूचनेत, मालकाचा खाजगी पत्ता दिसतो, जो पाठवणाऱ्याने कधी पाहिलेलाही नसतो.

आधी सगळे बाउन्स गोळा करून कोडप्रमाणे वेगळे केले. ५.१.१ म्हणजे पत्ताच अस्तित्वात नाही. ५.७ ने सुरू होणारे कोड धोरणाचे, म्हणजे ‘तुझ्यावर विश्वास नाही’ असं सांगणारे. पहिला आकडा ४ असेल तर घाई करू नका, पोस्टफिक्स मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. बाउन्सच्या जोडपत्रात दोन ओळी असतात, त्या जरूर वाचा (एमटीए म्हणजे मेल पोचवणारा सर्व्हर). ‘रिपोर्टिंग एमटीए’ म्हणजे बाउन्स कोणी लिहिला, ‘रिमोट एमटीए’ म्हणजे मेल कोणी नाकारला. आमच्याकडे लिहिणारा आमचा सर्व्हर होता, नाकारणारा पुढचा. अर्धा शोध तिथेच संपला.

एक गुंता वेगळाच निघाला. एका कंपनीचं जुनं डोमेन अजून दुसऱ्या होस्टिंगवर होतं. तिथला कॅच-ऑल (डोमेनवरच्या कुठल्याही नावाचा मेल घेणारा पत्ता) आमच्याकडे मेल ढकलायचा आणि आमचा एक एलियास (मेल दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारं नाव) तो परत तिकडे पाठवायचा. ‘रिसीव्ह्ड’ हेडर (वाटेतला प्रत्येक सर्व्हर मेलवर जोडतो ती नोंद) वाढत वाढत ५० च्या वर गेले की पोस्टफिक्स हात टेकतो. कॅच-ऑल काढला, प्रश्न मिटला. कॅच-ऑल ठेवूच नये, या मताचा मी आहे.

आता मूळ दुखणं. फॉरवर्ड करताना लिफाफ्यावरचा प्रेषक (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पत्ता, ‘फ्रॉम’ ओळीतला नव्हे) मूळ पाठवणाराच राहतो, पण मेल आमच्या आयपीवरून निघतो. त्या पाठवणाऱ्याच्या एसपीएफमध्ये, म्हणजे त्याच्या डोमेनतर्फे कोणते आयपी मेल पाठवू शकतात त्या डीएनएसमधल्या यादीत, आमचा आयपी कसा असेल? म्हणून एसपीएफ नापास. यावर उपाय एसआरएस. तो लिफाफ्यावरचा प्रेषक बदलून आपल्या डोमेनचा करतो. नव्या पत्त्याची रचना साधारण अशी : एसआरएस०=हॅश=काळखूण=मूळडोमेन=मूळनाव@आपलंडोमेन. हॅशमुळे कुणी बनावट पत्ता रचू शकत नाही आणि काळखुणेमुळे जुना पत्ता कायम चालत नाही. तीन कंपन्यांपैकी कुणाचंच डोमेन यात न गुंतवता एक वेगळं सबडोमेन घेतलं, त्याला स्वतःचा एमएक्स (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ती नोंद) आणि एसपीएफ दिला. बाउन्स रिकाम्या प्रेषकाने येतात, त्यामुळे रिकामा प्रेषक अडवणारा नियम कुठे असेल तर तो काढावा लागतो, नाहीतर खरे बाउन्स गडप होतात.

एसआरएस लावलं तरी काही मेल परत येतच राहिले, आणि सगळ्यात महत्त्वाचं ते हेच. डीमार्कला (‘फ्रॉम’मधल्या डोमेनने जाहीर केलेलं तपासणीचं धोरण) नुसता एसपीएफ पास होऊन पुरत नाही, ते डोमेन ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळायला हवं. एसआरएसनंतर ते जुळणं शक्यच नाही. म्हणजे पाठवणाऱ्याचं धोरण ‘रिजेक्ट’ (नापास मेल नाकारा) असेल तर सगळी भिस्त डीकेआयएमवर, म्हणजे पाठवणाऱ्याच्या डोमेनने मेलवर केलेल्या डिजिटल सहीवर. ती सही शाबूत राहिली तर मेल पोचतो, मोडली तर परत. आमच्याकडे ती दोन ठिकाणी मोडत होती. स्पॅम फिल्टर विषयाच्या ओळीत शिक्का जोडत होता. तो आता वेगळ्या हेडरमध्ये जातो. दुसरं कारण लपलेलं होतं. पोस्टफिक्समध्ये ‘सेंडर कॅनॉनिकल क्लासेस’ (प्रेषकाचा पत्ता कुठेकुठे बदलायचा ते ठरवणारं सेटिंग) मूळ सेटिंगवर सोडलं तर लिफाफ्याबरोबर ‘फ्रॉम’ हेडरही बदलतं. तिथे फक्त ‘एन्व्हलप सेंडर’ ठेवायचं. एवढ्या एका ओळीने उरलेले बहुतेक बाउन्स थांबले, आणि लॉगमध्ये एकामागून एक ‘सेंट’ दिसायला लागल्यावर फार बरं वाटलं.

मेल स्वीकारून मग बाउन्स पाठवणंही बंद केलं. स्पॅम आता एसएमटीपी संवाद (दोन सर्व्हरांमधली मेलची देवाणघेवाण) चालू असतानाच नाकारला जातो. फॉरवर्ड केलेला स्पॅम आमच्याच आयपीचं नाव खराब करतो, आणि उशिरा पाठवलेला बाउन्स बहुधा ज्याचा पत्ता चोरलाय त्याच्या माथी बसतो.

जाता जाता : एका कंपनीच्या एसपीएफमध्ये इन्क्लूडच्या (दुसऱ्या डोमेनची यादी जोडणारी नोंद) आत इन्क्लूड असल्याने डीएनएस चौकशा १० च्या वर जात होत्या, म्हणजे थेट परमएरर (नोंदच चुकीची धरली जाते). बंद पडलेल्या सेवांचे इन्क्लूड काढले.

उरले ते पाठवणारे, जे डीकेआयएमची सही करत नाहीत पण धोरण मात्र ‘रिजेक्ट’ लावतात. तिथे फॉरवर्ड करणाऱ्याच्या हातात फारसं काही नाही. एआरसीचा शिक्का, म्हणजे मेल आपल्याकडे आला तेव्हाच्या तपासण्यांच्या निकालावर आपली सही, लावता येतो (आरएफसी ८६१७, २०१९), पण तो मानायचा की नाही हे घेणारा ठरवतो. म्हणून हिशोबाचा पत्ता फॉरवर्डमधून काढून त्याला सर्व्हरवरच मेलबॉक्स दिला. बिलं तिथून आयमॅपने (सर्व्हरवरचा मेल तिथेच ठेवून वाचायची पद्धत) वाचली जातात. पुढे एआरसी जोडून पाहणार आहे, आणि तिन्ही डोमेनांचे डीमार्क अहवाल एका जागी वाचायची सोय करायची आहे. कुणी एआरसी लावून फरक मोजला असेल तर लॉगसकट सांगा.