मेण लावलेलं जॅकेट

माझं जुनं, बार्बर या इंग्लिश कंपनीचं मेण लावलेलं जॅकेट इथल्या, न्यूकॅसलच्या, एका चॅरिटी शॉपमधलं (दानात आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातलं) आहे, आणि त्याचे लाड फार. मशीनमध्ये टाकायचं नाही, साबण तर दाखवायचाही नाही. गार पाण्यात भिजवलेल्या स्पंजने पुसायचं, मग मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून पातळ करायचा, कापडात जिरवायचा आणि हेअर ड्रायर फिरवायचा. शिवणींवर जास्तच, कारण पाऊस तिथूनच आत येतो. बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "एवढ्या उठाठेवीपेक्षा घोंगडं बरं गं!"

शिवणींचं हे दुखणं दोनशे वर्षांचं आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये पेटंट घेतलं. कोळशापासून गॅस काढताना डांबर उरायचं, त्यातून निघणाऱ्या नॅफ्था नावाच्या पातळ तेलात तो रबर विरघळवायचा आणि दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर द्यायचा. कापड पाण्याला दाद देईना, पण शिंप्याने सुई घातली की टाक्यागणिक भोक! त्यात थंडीत कोट फळीसारखा ताठ, उन्हात चिकट, आणि वास तर विचारूच नका. रबर गंधकासोबत तापवायची युक्ती १८४०च्या दशकात आली, तेव्हा चिकटपणा गेला. घाम मात्र आतच.

खलाशांची रीत वेगळी. ते शिडाच्या कापडाला जवसाचं तेल चोपडायचे. हे तेल हळूहळू पिवळं पडतं, म्हणून कोळ्यांचे ते जुने कोट पिवळे. याच गिऱ्हाइकांसाठी बार्बर १८९४ मध्ये इथून जवळच साउथ शील्ड्सला सुरू झालं. तेलाच्या जागी मेण आलं, आणि १९३६ मध्ये तर त्यांनी मोटरसायकलवाल्यांसाठी खास सूट काढला.

तरी हुशारीचा पहिला नंबर मी व्हेंटाइल नावाच्या सुती कापडाच्या प्रकाराला देईन. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने तो केला. बर्फगार समुद्रात पडलेले वैमानिक बघता बघता गारठून मरत होते, त्यांच्यासाठी. लांब धाग्याचा कापूस, विणही अगदी घट्ट. भिजला की तंतू फुगतात आणि भोकं आपसूक बुजतात. रबर नाही, मेण नाही, आणि कोरडा असताना हवा खेळते. चिंब भिजल्यावर जड होतो, वाळायलाही वेळ लावतो, पण सुती कापडाकडून आणखी किती अपेक्षा करायची?