नोरिसरिंग: शनिवार बुडवू नका

फॉर्म्युला वन बघून वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक वेळापत्रक पक्कं असतं: शनिवारी क्वालिफाइंग (रेस कोणी कुठून सुरू करायची ते ठरवणारं सत्र), रविवारी रेस. त्याच हिशोबाने मी जुलै 2025 मध्ये डीटीएम या जर्मन कार-रेसिंग मालिकेच्या न्युर्नबर्गमधल्या वीकेंडसाठी, म्हणजे तिथल्या नोरिसरिंग ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी, फक्त रविवारचं तिकीट काढलं आणि शनिवारी निवांत जुनं शहर बघायला निघालो. नाश्त्याच्या टेबलावर शेजारच्या आजोबांनी माझी टोपी पाहून विचारलं, "आजची रेस नाही बघणार?"

आजची?

डीटीएममध्ये शनिवारी एक आणि रविवारी एक अशा दोन स्वतंत्र शर्यती असतात. दोन्हींची क्वालिफाइंग वेगळी, त्याच दिवशी सकाळी. दोन्हींना गुण सारखेच, पहिल्याला 25. क्वालिफाइंगच्या पहिल्या तिघांनाही 3, 2, 1 असे गुण मिळतात, त्यामुळे सकाळचं सत्र म्हणजे नुसती रंगीत तालीम नव्हे. 2014 पर्यंतची काही वर्षं वीकेंडला एकच शर्यत असायची. 2015 पासून दोन झाल्या. सुरुवातीला शनिवारची लहान, रविवारची मोठी. आता दोन्ही साधारण तासाभराच्या.

धावतपळत गेलो. गेटवर शनिवारचं तिकीट मिळालं, क्वालिफाइंग मात्र बुडाली ती बुडालीच. तुम्ही पहिल्यापासूनच दोन्ही दिवसांचं घ्या.

पोचायला सोपं आहे. मुख्य स्टेशनवरून एस 2 लोकल पकडून फ्रांकेनस्टाडिओनला उतरा, किंवा ट्रामने डोकु-त्सेंट्रुमला. पुढे गर्दीच्या मागे चालत राहायचं. गाडी आणू नका, आजूबाजूचे रस्तेच ट्रॅक झालेले असतात! म्युनिकहून येणाऱ्यांना डॉइचलांड-तिकिटावर (देशभर लोकल-रीजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास) रीजनल गाडीने पावणेदोन तासांत येता येतं.

ट्रॅक जेमतेम 2.3 किलोमीटरचा: दोन सरळ रस्ते, दोन्ही टोकांना करकचून ब्रेक मारायला लावणारी वळणं आणि मध्ये एक नागमोडी तुकडा. गाड्या मिनिटाच्या आत पुन्हा समोर. मुख्य प्रेक्षागार म्हणजे त्सेपेलिनफेल्ड या मैदानाची दगडी गॅलरी. नाझी पक्षाच्या मेळाव्यांसाठी हिटलरचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअरने बांधलेली हीच ती. माथ्यावरचं स्वस्तिकचिन्ह अमेरिकन सैन्याने एप्रिल 1945 मध्ये सुरुंगाने उडवलं. त्याच पायऱ्यांवर बसून लोक बिअर पीत पोर्शला टाळ्या देतात. मला आधी अवघडल्यासारखं झालं. मग वाटलं, या जागेचा याहून बरा उपयोग कुठला असणार? रेसआधी जवळचं डोकु-त्सेंट्रुम म्हणजे त्या काळाचं संग्रहालय बघून घ्या. नंतर कान आणि डोकं दोन्ही शिणलेले असतात.

कुठे बसायचं हे दिवसावर ठरवा. 2025 मध्ये टायर बदलण्यासाठी सक्तीचा पिट स्टॉप (ट्रॅकशेजारच्या पिटमध्ये थांबणं) शनिवारी एक होता, रविवारी दोन. म्हणून शनिवारी मी ग्रुंडिग नावाच्या हेअरपिनपाशी, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणापाशी होतो. तिथे प्रत्येक फेरीत कुणीतरी आतून घुसायला बघतो आणि आरसे, बंपर यांचे तुकडे उडतात. रविवारी दगडी गॅलरीत बसलो, कारण खरा खेळ पिटमध्ये होता. चार टायर सात-आठ सेकंदांत बदलतात; कोण लवकर आत येतो आणि कोण ताणतो यावर सगळा क्रम फिरतो. टीव्हीशिवाय हिशोब लावता येत नाही, फोनवर लाइव्ह टायमिंग उघडून ठेवा. पॉवर बँक हवीच.

पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या तळावर, सकाळीच फिरून या. तिथे बंगळूरच्या अर्जुन मैनीची फोर्ड मस्टँग पाहून आमच्यातल्या तिघांनी उगाचच छाती फुगवली. तो 2021 मध्ये डीटीएममध्ये आला. त्याच वर्षी मालिकेने स्वतःच्या खास महागड्या गाड्या सोडून जीटी3 गाड्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारच्या रेसिंग आवृत्त्या, घेतल्या. म्हणून हल्ली ग्रिडवर फेरारी, लाम्बोर्गिनीसुद्धा दिसतात. डीटीएमच्या नावात टूरिंग कार आहे, पण घरच्या सेडानशी आता काही नातं उरलेलं नाही.

खायला ड्राय इम वेग्ला, म्हणजे पावात बोटाएवढे तीन सॉसेज. शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा. आमचे ठेपले दुपारपर्यंत शेजारच्या रांगेतही वाटून संपले. कानात बोळे, मुलांना इअरमफ. दगड उन्हात तापतो, बसायला काहीतरी घ्या.

हंगाम 2025 मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर, आठ वीकेंड, सोळा शर्यती. एकच वीकेंड जमणार असेल तर गंमतीसाठी नोरिसरिंग, किताबाचा फैसला बघायचा तर ऑक्टोबरातलं हॉकेनहाइम. तिथे जाताना स्वेटर न्या.