तिथं आता तुमचं कोण आहे?

टोरांटोतल्या मराठी घरांमध्ये, हळदीकुंकू असो की गणपती, मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "एक्याऐंशी वर्षांचे वडील आणि पंच्याहत्तरी ओलांडलेली आई, त्यांना घेऊन विदर्भातल्या खेड्यात गेलीस. घर पडलेलं, माणसं पांगलेली. तिथं आता तुमचं कोण आहे? त्यांचे हाल नाही झाले?" विचारणारे आपुलकीनंच विचारतात. बहुतेकांच्या घरी म्हातारे आईवडील आहेत आणि जावं की नाही हे त्यांचंही ठरत नसतं. म्हणून एकदा नीट सांगते.

हाल झाले. टोरांटो ते दिल्ली चौदा तास, पुढे नागपूरचं विमान. दोघांना व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती, ती प्रत्येक ठिकाणी मिळालीही. पण औषधं मी मोठ्या बॅगेत टाकली आणि ती बॅग दोन दिवस उशिरा आली. बाबांच्या बीपीच्या गोळीचं कॅनडातलं नाव भारतातल्या मेडिकलवाल्याला कळेना. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव होतं म्हणून निभावलं. औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा आणि चिठ्ठी ब्रँडच्या नावाची नको, औषधाच्या नावाची घ्या. एवढं एक ऐका माझं.

आता का गेलो ते.

आईबाबा २०१२ साली माझ्याकडे आले. तेव्हापासून ते माझ्या मागे चालतात. बर्फात बाबा माझ्या कोटाची बाही धरतात. रस्ता ओलांडताना विचारतात, "बाई, सिग्नल झाला का?" बँकेत, दवाखान्यात, दुकानात मी बोलते आणि ते माझ्या तोंडाकडे बघतात. अकोल्याच्या शाळेत आयुष्यभर पोरांना शिकवलेला माणूस हा. आम्ही भावंडं वऱ्हाडीत "मले" म्हणालो की लगेच म्हणायचे, "मले नाही, मला." त्यांना असं मागे मागे चालताना बघणं मला सोसत नव्हतं. ते कधी बोलले नाहीत. मीच तिकिटं काढली, जानेवारी २०२४ ची.

आमचं गाव कारंजा तालुक्यात. बाबांच्या जुन्या कागदांवर जिल्हा अकोला आहे. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा झाला आणि गाव तिकडे गेलं. बाबा अजूनही अकोलाच म्हणतात. त्यांच्या लहानपणी बाहेरून यायचं म्हणजे मूर्तिजापूरला उतरून शकुंतला धरायची. मूर्तिजापूर-यवतमाळची ती अरुंद रुळांची, ब्रिटिश कंपनीच्या मालकीची गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता गाडी बंद आहे आणि आम्ही नागपूरहून समृद्धी महामार्गानं आलो. त्या गुळगुळीत रस्त्यावर बाबा गप्प होते. डावीउजवीकडे बघायचे, ओळखीचं काही दिसायचं नाही.

कारंज्याला महामार्ग सोडला आणि बाबांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. मागची सीट सोडून ते पुढे जाऊन बसले. ड्रायव्हर पोरगा मोबाइलवर नकाशा लावून होता.

"नकाशा बंद कर रे बाप्पा. दारव्हा वेशीकडून घे. पुढं चिंच लागते, तिथून डाव्या हाताले. मले ठाऊक हाय."

मी मागे आईचा हात धरला. बाबांच्या तोंडून "मले" मी जन्मात ऐकलं नव्हतं.

चिंच होती.

घराचं सांगण्यासारखं फार नाही. छपराचे कवेलू गेलेले, भिंती पावसानं खचलेल्या, ओटा तेवढा शाबूत. बाबा त्या ओट्यावर बसले आणि हातानं दाखवत राहिले: इथं कोठा, तिथं चूल, त्या कोपऱ्यात आजीची उतरंड. मला दगडमाती दिसत होती. मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिले.

शेताचं मात्र सांगायलाच हवं. तूर कापून झाली होती, हरभरा उभा होता आणि पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शेवटचा वेचा चालू होता. काळ्या मातीला अशा भेगा की माझ्या बुटाचं टोक अडकायचं. टोरांटोच्या फुटपाथवर काठी टेकत चालणारे बाबा धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधानं, पुढे निघाले. काठी होतीच, पण ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. मी मागे. दोनदा त्यांनी वळून पाहिलं आणि सांगितलं, "भेगेवर पाय देऊ नको, बाजूनं ये."

मग एका बोंडापाशी थांबले. कापूस वेचणं मला सोपं वाटलं होतं. मी ओढला तर अर्धा बोंडातच राहिला आणि हातात आला त्याला वाळल्या पानाचा चुरा. बाबांनी पाचही बोटं बोंडाच्या पाकळ्यांत घातली, मुळाशी नेली आणि एका झटक्यात सगळा कापूस बाहेर. पांढराफेक, एक कण नाही. "पत्ती येऊ द्यायची नाही, भाव पडतो." शेजारच्या तासात ओटी बांधून वेचणाऱ्या बाया हसल्या. एकीनं विचारलं, "काकाजी, रोजानं येता का?" बाबा एवढे मोकळे हसले की मला रडू आलं.

आईचं माहेर तिथून जवळच. तिच्या वयाची एक बाई दारात तांदूळ निवडत बसली होती. कपाळावर हात धरून बघत म्हणाली, "कोन व तू? पाटलाची मधली ना?"

"हो व माय."

"मंग अशी वाळून काऊन गेलीस?"

टोरांटोत आईला कोणी पाटलाची मधली म्हणत नाही. तिथं ती माझी आई आहे, नाहीतर फॉर्मवरचं एक नाव. त्या दोघी संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या घरी रोडगे, गवऱ्यांवर भाजायचे कणकेचे गोळे, केले, तर चुलीचा ताबा आईनंच घेतला. गवऱ्यांचा विस्तव किती निवू द्यायचा, रोडगा कधी उलटायचा, वांग्याची भाजी किती पातळ हवी, सगळं तिच्या हुकमानं. "सांभार आण अजून," ती वहिनीला म्हणाली. इतकी वर्षं दुकानात ती कोथिंबीर म्हणत आली आहे.

जायला आणखी एक कारण होतं, जमिनीचं. कॅनडाचं नागरिकत्व घेतल्यावर भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, हाती परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड येतं. त्यावर व्हिसाशिवाय येता येतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते. द्यायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. बाबांच्या नावावर तीन एकर आहे, चुलतभाऊ ती कसतो. त्याच्या नावानं बक्षीसपत्र करून मोकळं व्हायचं, असं बाबा ठरवून आले होते.

रोडग्यांच्या पंगतीनंतर त्यांनी विषय काढला. भाऊ पत्रावळी गोळा करत होता. तो खाली बघूनच म्हणाला, "काकाजी, राहू द्या ना नाव. सातबाऱ्यावर नाव हाय म्हून तुम्ही आले. ते निघालं तं मंग कायले याल?"

बाबा काही बोलले नाहीत. परतायच्या दिवसापर्यंत दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव कोणी काढलं नाही. हा निर्णय व्यवहाराला धरून नाही, हे मला कळतं. पुढे वारसनोंदीची धावपळ मलाच करायची आहे. करीन.

आता बाबा अधूनमधून मला संगणकावर सातबारा उघडायला लावतात. मृग लागल्यावर भावाचा व्हिडिओ कॉल आला, शेतातूनच. पेरणी कुठवर आली ते तो दाखवत होता. टोरांटोत पहाट झाली नव्हती. बाबा स्वेटर घालून स्वयंपाकघरात बसले होते, फोन दोन्ही हातांत धरून. मी मागे उभी होते.

"फोन असा धुऱ्यानं ने," त्यांनी भावाला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघ हां, आता डाव्या हाताले बोरीचं झाड येईल."