मे महिन्यातलं हिरवं पान

पोळ्याला चार दिवस होते. नानांनी काही न बोलता देव्हाऱ्यामागून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातला कागद उलगडला आणि माझ्यासमोर धरला. आमचंच भेटपत्रक. खाली माझी सही, वर माझं अक्षर: 'रोपे निरोगी, वाढ समाधानकारक.' तारीख २९ मे.

"हे तुम्हीच लिहिलं ना ताई?"

मीच लिहिलं होतं.

केळीची टिश्यूकल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं पुरवणाऱ्या एका कंपनीत मी क्षेत्र अधिकारी आहे. जळगाव जिल्ह्यातला रावेर-यावलचा पट्टा माझ्याकडे. नानांनी आमची ग्रँड नैन जातीची साडेतीन हजार रोपं घेतली होती, दोन एकरांत पाच बाय पाच फुटांवर, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. इतक्या उन्हात लावू नका असं मी सांगून पाहिलं होतं, पण पुढच्या वर्षीच्या भावाचं गणित त्यांचं पक्कं होतं. २९ मेला मी गेले तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकलेला. मोटरसायकलच्या सीटवर बसवत नव्हतं. रोपांच्या पानांच्या कडा करपलेल्या, दुपारी दोन्ही पाती छत्रीसारखी खाली मिटलेली, पण नवा पोंगा, मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, हिरवागार. बेडच्या कडेला तागाचा आडोसा, ठिबक दिवसातून दोनदा. एवढ्या उन्हात एवढी तग धरलीय म्हटल्यावर मी मनापासून 'निरोगी' लिहिलं. १६ जूनला परत गेले, तेव्हाही तेच.

मग पाऊस आला. जुलैच्या शेवटी जी झड लागली ती सुटेना. दिवसाचा पारा सत्तावीस-अठ्ठावीस, रात्री तेवीस. आणि ऑगस्टमध्ये नानांचा फोन.

बागेत शिरल्यावर दुसऱ्याच ओळीत मी थांबले. पानावर शिरांना समांतर तुटक पिवळ्या रेघा, कुठे पान अरुंद होऊन पिळवटलेलं, हाताला कडक लागणारं. एका रोपाचा पोंगा ओढला तर तो सडून हातात आला. आपल्याकडे याला हरण्या म्हणतात. आता शेतकरीही सरळ सीएमव्ही म्हणतात. कुकुंबर मोझॅक व्हायरस. १९१६ मध्ये अमेरिकेत काकडीवर पहिल्यांदा नोंदला गेला म्हणून काकडीचं नाव, पण हा हजारावर वनस्पतींवर जगतो. आम्ही ओळ धरून मोजत गेलो. चारशे दहा रोपं भरली.

नानांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. रोपंच रोगट दिली का? ती तशी नव्हती हे मी छातीठोक सांगू शकत होते. मातृरोपांची विषाणू तपासणी होते, रोपांची बॅच बाहेर पडण्याआधी पुन्हा होते, अहवाल माझ्या बॅगेत होता. पण माझ्या त्या 'निरोगी'चं काय, याला अहवालात उत्तर नव्हतं.

तेवढ्यात नानांची आई भाजी घेऊन आली. "गिलके घेऊन जा ताई, वेल लई सुटलाय." वेल शेडवर चढलेला होता, बागेपासून वीस पावलांवर. पानं पाहिली. हिरवी-पिवळी नक्षी, आणि खालच्या बाजूला मावा, इतका की पान चिकट लागत होतं. माझ्या हातात तिनं दिलेली गिलकी होती आणि तिला काय सांगावं हे मला सुचेना. मावा या विषाणूला सोंडेवर घेऊन फिरतो. रोगट पानात सोंड खुपसायला त्याला काही सेकंद ते मिनिटं पुरतात, निरोगी पानात सोडायलाही तेवढीच. म्हणूनच फवारणीनं हा रोग थांबत नाही. मावा मरायच्या आत आपलं काम करून मोकळा झालेला असतो.

मग नानांनी खरा प्रश्न विचारला. "जूनमध्ये लागण झाली असंल, तर जूनमध्ये दिसली का नाही?"

बांधावर बसून मी जे सांगितलं ते साधारण असं. झाडाला आपल्यासारखं रक्त नाही, पण त्याच्याकडे एक कात्री आहे. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, पेशीत आला की झाड त्याचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करतं आणि ते तुकडे नमुन्यासारखे वापरून उरलेला आरएनए शोधून कापतं. ही कात्री तापमानावर चालते. २००३ साली हंगेरीतल्या संशोधकांनी दाखवलं की पंधरा अंशांना तुकडे जवळजवळ होतच नाहीत आणि सत्तावीसला ते भरपूर होतात. सीएमव्हीकडेही उलटा डाव आहे. त्याचं एक प्रथिन नेमकं या कात्रीला आडवं येतं. ऊन असेपर्यंत झाडाचं पारडं जड. पारा चोविसच्या खाली आला की केळीवर लक्षणं उफाळून येतात. मेमध्ये तर गोष्ट अजून वेगळी. त्या उन्हात केळीचीच वाढ अडते, विषाणू मंदावतो, मावाही फारसा नसतो. त्यामुळे मी हिरवं पाहिलं ते खरंच हिरवं होतं. एवढ्या आधारावर 'निरोगी' लिहिणं मात्र घाईचं होतं.

(ऊन सगळ्याच पिकांच्या बाजूने असतं असं नाही. तंबाखूत टोबॅको मोझॅक या दुसऱ्या विषाणूला अडवणारं 'एन' नावाचं जनुक अठ्ठावीसच्या वर गेलं की कामच करत नाही. त्यामुळे 'उन्हानं व्हायरस मरतो' हे वाक्य कुणी शेतात बोललं की मला आता अंगावर काटा येतो.)

नाना हुशार माणूस. म्हणाले, "मग तुमच्या लॅबमध्ये रोपं तापवून साफ करता, ते कसं?" ते खरं होतं. मातृकंद चाळीस अंशांच्या आसपास काही आठवडे ठेवतात. पण नंतर शेंड्याचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा कापून त्याच्यापासून नवं रोप करतात. उष्णता विषाणूला मागे ढकलते, सुरी त्याला सोडून पुढे जाते. शेतात ती सुरी कुठून आणणार?

रोपं उपटून खोल खड्ड्यात पुरायची, वेल काढायचा, बांधावरचं तण साफ करायचं, मी सांगितलं. विम्याचाही विषय निघाला. हवामानावर आधारलेल्या विम्याला ऊन कळतं, वारा कळतो, मावा कळत नाही. आजीनं गिलक्याचा वेल स्वतःच्या हातानं तोडला. नानांनी साडेतीनशे रोपं उपटली आणि विहिरीकडच्या तीन ओळींपाशी थांबले. "एवढी साठ राहू द्या. फार लागलेली नाहीत."

मी हट्ट धरायला हवा होता. दिवसभर त्या कागदानं माझं तोंड दाबून ठेवलं होतं. मी गप्प बसले.

ऑक्टोबरच्या मध्यावर नानांनी बोलावून घेतलं, चेहरा उजळलेला. ऊन परत आलं होतं, दुपारी पस्तिशीच्या पुढे. त्या तीन ओळींतली नवी पानं रुंद, स्वच्छ, एकही रेघ नाही. जुनी रेघांची पानं खाली सुकून लोंबत होती, पण वरून बाग चित्रासारखी. "बघा ताई, सुधारली. उपटली असती तर?"

या वेळी मी कागदावर काही लिहिलं नाही. पाच रोपांच्या सगळ्यात स्वच्छ पानांच्या पट्ट्या कापल्या, ओल्या कागदात गुंडाळून तपासणीला पाठवल्या. नवव्या दिवशी निकाल आला. पाचही पॉझिटिव्ह.

फोन लावला. नाना बराच वेळ बोललेच नाहीत. लाइन तुटली असं वाटून मी दोनदा 'हॅलो' म्हटलं.

"नाना, काय झालं?"

"त्या ओळींतली पिलं काढली होती ताई. चांगली जोमदार दिसत होती. मेव्हण्याच्या केळीच्या कांदेबागात नांग्या पडल्या होत्या, त्या रिकाम्या जागा भरायला दिली. चाळीसेक असतील."

"कधी?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी."

मी गावाचं नाव विचारलं. मग गाडीची किल्ली शोधायला लागले.