छत्तीस पायऱ्या

नौपाड्यातली जुनी इमारत, लिफ्ट नाही, काका दुसऱ्या मजल्यावर. मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते. पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं, "ताई, हे परत तलावपाळीला जातील ना हो?" संध्याकाळी मासुंदा तलावाला एक फेरी आणि कोपिनेश्वराचं दर्शन, हा काकांचा वर्षानुवर्षांचा नेम. मी हो म्हणू शकले नाही. समोरच्या माणसाला आधाराशिवाय बसताही येत नव्हतं.

पक्षाघात मेंदूच्या डाव्या भागात झालेला, म्हणून उजवं अंग लुळं. बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते, त्यामुळे वाचाही गेलेली. मुलाचं नाव ओठांवर येईना. पण उठण्याचा व्यायाम घेताना मी "एक" म्हटलं आणि काका म्हणाले, "दोन." मग थेट दहापर्यंत! आकडे, स्तोत्रं असं तोंडात बसलेलं बोलणं वाचाघातात पुष्कळदा शाबूत राहतं, हे मी शिकले होते. तरी काकूंचा चेहरा पाहून मलाच भरून आलं.

दोन महिने जिन्याचं नाव काढलं नाही. बसायचं, उठायचं. उंच पलंगावरून उठणं सोपं, म्हणून पायांखाली विटा लावलेल्या. जमेल तसतशी एकेक वीट काढली. मग उंबरठा. मग दाराबाहेरची एकच पायरी, खाली आणि परत वर, आठवडाभर तेवढीच. शेजारी विचारायचे, "अजून एकच?" मला त्याचा राग यायचा. तीच हालचाल शेकडो वेळा केल्याशिवाय मेंदू नवी वाट धरत नाही, आणि त्या शेकड्यातली प्रत्येक वेळ काकांच्या घामाची होती.

अखेर एका गुरुवारी पूर्ण जिना उतरायचं ठरलं. नऊ-नऊ पायऱ्यांचे चार टप्पे. उतरताना लुळा पाय आधी, चढताना चांगला. कठडा डावीकडे, म्हणजे चांगल्या हाताला. मी एक पायरी खाली, हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर, मुलगा मागे. काका प्रत्येक टप्प्याला एक ते नऊ मोजत होते. तिसऱ्या टप्प्यात पाचव्या पायरीवर गुडघा मुडपला. मी आणि मुलानं सावरलं, पण मोजणं थांबलं. खाली तेरा पायऱ्या, वर तेवीस. परत फिरावं असं मला फार वाटलं. मी नुसतं "पाच" म्हटलं. बराच वेळ गेला. मग हळूच आलं, "सहा."

खाली फाटकाशी खुर्ची ठेवली होती. काका दहा मिनिटं रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसले. देऊळ, तलाव त्या दिवशी नाहीच.

चढताना कठडा उजवीकडे, लुळ्या हाताच्या बाजूला. त्यासाठी कठड्याकडे तोंड करून, डाव्या हातानं धरून आडवं चढायचा सराव केला होता. तसं केलं की डावा पायच पहिला वर जातो. पहिल्या टप्प्याला नऊ झाले. टेकले, दम घेतला. दुसऱ्या टप्प्याला पाऊल टाकताना मी "एक"ची वाट पाहत होते.

"दहा," काका म्हणाले.

मी काहीच बोलले नाही, नुसता पट्टा घट्ट धरला. अठ्ठावीसवर ते अडले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. वर दारात उभ्या काकू म्हणाल्या, "एकोणतीस." काकांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि पाय उचलला.